पावतीच्या पाठीवर

"इथं बघण्यासारखं काय आहे?"
बावीस वर्षं झाली, रोज कोणीतरी विचारतंच,
आंघोळ आटपून, केसांतलं पाणी काउंटरवर गाळत,
सात नंबरची किल्ली माझ्यापुढं सरकवत.
कधी पुण्याचा औषधांचा एजंट.
कधी पलटणीतल्या पोराची शपथ बघायला आलेले
साताऱ्याकडचे आईबाप, नव्या चपलांत अवघडलेले.
एकदा एक गोरी बाई. तिच्या राज्यात म्हणे
दिवसभर गाडी हाकली तरी उंचवटा लागत नाही,
नुसता मका.
ती येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेली
आणि संध्याकाळी परत आली ती केसांचा भारा करून.
"वारा," म्हणाली, आणि पुढं काहीच नाही.

मी पावती उलटी करते.
आधी स्टँड काढते, चौकोन.
मग किल्ला, खंदकासकट, जमेल तसा गोल.
कमल बस्तीत शिरलात की मान वर करा,
छतात दगडाचं कमळ उलटं लटकलंय.
निम्मे लोक खाली बघत चपला शोधतात
आणि तसेच बाहेर येतात.
हलशीला जाणार? मग खानापुरातच चहा घ्या,
पुढं मिळेल तेव्हा मिळेल.
कुंदा आज घेऊ नका, निघायच्या दिवशी घ्या.
खोलीत राहत नाही तो. चादरी मी मोजते, मला ठाऊक आहे.
मांडे मिळाले तर हळू उलगडा, रुमालासारखे.
आणि पाट्या वाचत बसू नका, माणसाला विचारा.
पाटीला फार तर एक भाषा येते की हो,
रिक्षावाल्याला तीन.

शेवटी गोकाकचा धबधबा.
तिथं मी मोठा बाण काढते, दोनदा गिरवून.
"झुलत्या पुलावर मधोमध थांबा,
आपण हलतोय की नदी, कळत नाही."
हे वाक्य माझं नाही.
पहिल्याच वर्षी एक सुताचा व्यापारी बोलून गेला होता,
बिल थोडं कमी करून घेताना.
मी ते बावीस वर्षं वापरलं.
खरं मी गेलेच नव्हते.

चैत्रात लॉजला रंग काढला. तीन दिवस सुट्टी.
पहिल्या दिवशी झोपले.
दुसऱ्या दिवशी, माझ्याच हातची एक पावती पर्समध्ये घालून,
गोकाकच्या बसमध्ये खिडकीशी.
कंडक्टर ओरडला, "इळीरी, इळीरी,"
आणि मी उतरले, पाहुण्यासारखी, उन्हात डोळे बारीक करून.

पुलाला कुलूप.
राखणदार इराप्पा खुर्चीवरून अर्धा उठला.
"नीर इल्ला, अक्का," म्हणाला,
जणू त्यानंच ते कुठंतरी ठेवून हरवलं होतं.
खाली नुसता काळा खडक, पायऱ्या-पायऱ्यांचा,
कपारीत पारवे,
तळाच्या डोहात चार पोरं उड्या टाकणारी.
गिरणीचा भोंगा झाला. डबे घेऊन माणसं बाहेर पडली,
एकानंही कड्याकडं पाहिलं नाही.

आणि जिथं कॅलेंडरवर पाणी कोसळतं
अगदी तिथं, काठावर,
एका बाईनं पाच लुगडी वाळत घातली होती,
टोकांवर दगड ठेवून.
पिवळ्या लुगड्याचा एक दगड निसटला.
ते काठावरून खाली सुटलं,
लांबच लांब, फुगत, चमकत,
आणि बाई दुसरं टोक धरून हसत ओरडत राहिली.
तेवढाच धबधबा मी पाहिला.
करदंटाचा पुडा घेतला. चारची बस पकडली.

दुकान उघडल्यावर पहिला आला तो नगरचा कोणी,
दाढीला फेस तसाच.
"बघण्यासारखं काय?"
मी पावती उलटी केली. स्टँड, किल्ला, खानापूरचा फाटा.
बाणापाशी हात थांबला.
"तुम्ही गेलाय का इथं?" त्यानं सहज विचारलं.
बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
"व्हय," म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

मग बाण खोडून दुसऱ्या बाजूला काढला.
एवढी वर्षं मी नदीच्या भलत्या काठावर
माणसं पाठवत होते.
कोणी परत येऊन भांडलं नाही.
तिथंही काहीतरी असेल बघण्यासारखं.